बोटीचं पोट

समुद्रात परदेशी जहाज दिसलं की बाकीचं तारोडी गाव त्याचा धूर बघायचं. सारंगबाबा मात्र ते पाण्यात किती बुडालंय ते बघायचे. गोऱ्यांच्या जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उभी हयात काढलेला हा माणूस. आफ्रिका, ब्रह्मदेश, कुठकुठली बंदरं पालथी घातलेली. "येतानाची बोट बघून खूश व्हायचं न्हाय, मास्तर. जाताना किती खाली बसलीय ते बघायचं," असं मला बजावायचे.

मी गावच्या शाळेत मास्तर, वर्तमानपत्रं वाचून शहाणा झालेला. इंग्रजांचं धोरण त्यांची पार्लमेंट ठरवते, असं मी एकदा ऐटीत सांगितलं. बाबा बिडी विझवत म्हणाले, "धोरण पोट ठरवतं. साहेबाच्या घरात काय कमी पडलंय ते हुडका, म्हंजे तो आपल्या दारात कशाला आलाय ते समजंल." अडाणी माणसाचं बोलणं म्हणून मी हसलो. त्याची आज लाज वाटते.

लढाई पेटली आणि बाजारातून दोर नाहीसा झाला. अशात एक गोरा साहेब गावात आला आणि त्याने बोटवाल्यांना नवा दोर फुकट देऊ केला. फक्त एक कागद भरायचा होता: बोटीची लांबी किती, माल किती मावतो. भरायला अर्थातच मी.

सगळ्यांनी अंगठे दिले. बाबांची बोट गावात सगळ्यांत मोठी, मुलगा चालवायचा; पण तेच अडून बसले. "दोर वाटायला बोटीचं पोट कशाला मोजतात?"

"अहो, मोठ्या बोटीला जास्त दोर लागणार नाही का?" मी वैतागलो. "तुमचा दोर कुजलाय. त्याच्या भरवशावर मुलाला समुद्रात धाडणार?"

मुलाचं नाव काढलं तसा त्यांनी हट्ट सोडला. "तुमी वाचलंय म्हंजे बरोबरच असंल," म्हणाले आणि अंगठा पुढे केला. तो कागदापाशी अडला, म्हणून मीच धरून टेकवला.

पावसाळा सरताच शिपाई मी भरलेली तीच यादी घेऊन आले. लढाईच्या कामाला मोठ्या बोटी हव्या होत्या. पहिली बाबांची. त्या नव्या दोरानेच शिपायांनी ती सरकारी लाँचला बांधली. बाबांचा मुलगा गुडघाभर पाण्यात नुसता उभा होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "रिकामीच नेतायत, बाबा. बघा, किती वर तरंगतेय."

"रिकामी न्हाय, मास्तर. ह्या खेपेला बोटच माल हाय."

बोट परत आली नाही. बाबा मला त्यावरून कधी एका शब्दाने बोलले नाहीत. वाटेत भेटले की पूर्वीसारखंच "काय मास्तर" म्हणायचे. तो अंगठा मात्र माझ्या हातातून अजून सुटलेला नाही.