सफाईचे दिवे

सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की मावशी तीन नंबरच्या हॉलमध्ये बाजूच्या दाराने शिरायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. एका हातात लांब दांड्याचा झाडू, दुसऱ्या हातात सुपली, कमरेला कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची गुंडाळी. दोन शोंच्या मध्ये वीस मिनिटं, खुर्च्या दीडशे आणि झाडणारी ती एकटी, म्हणून आधीच येऊन उभं राहायचं ही तिची पद्धत. अशी ती सतरा वर्षं उभी होती. एवढ्या काळात तिने प्रेमाचे शेकडो विनोदी सिनेमे पाहिले आणि धड एकही पाहिला नाही. पाहिले ते नुसते शेवट.

त्या शेवटांचा तिला वीट आला होता. वीट म्हणजे काय, किळसच. तो धावत यायचा. विमानतळावर नाहीतर स्टेशनवर नाहीतर कुणाच्या भर लग्नात, पण यायचा धावतच. ती वळून बघायची. आजूबाजूची माणसं आपापली कामं सोडून घोळका करायची. तो काहीबाही बोलायचा, ती रडत रडत हसायची आणि घोळका टाळ्या पिटायचा.

"शी!" मावशी अंधारात पुटपुटायची. "एवढं पळायचं होतं तर जरा आधी निघायला काय झालं होतं, मेल्या?"

मग पडद्यावर नावं सरकायला लागायची, मंद पिवळे दिवे लागायचे आणि डोळे टिपत माणसं बाहेर पडायची. हॉल रिकामा होत आला की मावशी दाराजवळच्या पेटीला किल्ली लावून सफाईचे दिवे पेटवायची. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटच्या सहा रांगा. त्या उजेडात प्रेमिकांनी मागे ठेवलेलं सगळं दिसायचं. सांडलेल्या कोल्ड्रिंकच्या थारोळ्यात फुगलेले पॉपकॉर्न. खुर्चीखाली चिकटवलेलं, अजून ओलं असलेलं च्युइंगगम. नाक शिंकरलेले कागदी रुमाल. एकदा एक मोजा. एकदा कापलेली नखं. हो, पायाची नखं! पडद्यावर नायिका हुंदके देत असताना कुणीतरी निवांत बसून दहाच्या दहा नखं कापली होती आणि तशीच टाकून गेलं होतं. त्या दिवशी मावशीला जेवण गेलं नाही. एवढं कमी म्हणून की काय, मागच्या रांगेत एखादी जोडी अजून गळ्यात गळा घालून बसलेली असायची. त्यांच्यासाठी तिच्याकडे दोनच शब्द होते.

"पाय उचला."

दारावर तिकीट तपासायला एक काका होते. सगळं जग तिला मावशी आणि त्यांना काका म्हणायचं, तेव्हा ती दोघंही एकमेकांना तसंच म्हणायची, वय जवळपास एकच असलं तरी. उशिरा येणाऱ्यांना टॉर्च दाखवत जागेवर बसवायचं हे काकांचं काम, त्यामुळे त्यांना प्रत्येक सिनेमाची पहिली पंधरा मिनिटं पाठ. दुपारच्या चहाला दोघं मागच्या जिन्यावर बसून आपापले तुकडे जोडायची.

"सुरुवातीला ती त्याच्या गाडीला धडकते," काका सांगायचे.

"शेवटी त्याच्याशीच लग्न करते," मावशी म्हणायची.

"मग मध्ये काय झालं असेल?"

"काय व्हायचंय? विम्याचे फॉर्म भरले असतील."

बहुतेक सिनेमांचं मधलं असं घोटभर चहात जुळून जायचं. पण अधूनमधून एखादा सिनेमा यायचा आणि दोघांची मती गुंग करायचा. अशांना काकांनी 'तिरपे' असं नाव ठेवलं होतं. तिरपा सिनेमा गर्दी खेचायचा नाही, म्हणून मॅनेजर तो सगळ्यात छोट्या, तीन नंबरच्या हॉलमध्ये टाकायचा. एकात सुरुवातीला म्हातारा-म्हातारी घटस्फोटाच्या कोर्टात एका कपाटावरून भांडत होती. शेवटी तेच कपाट जिन्याच्या वळणावर अडकलेलं, तो वरच्या बाजूला, ती खालच्या बाजूला, एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि दोघांच्या गप्पा चाललेल्या. दुसऱ्या एकात त्याने लग्नाचं विचारलं, ती सरळ नाही म्हणाली, आणि मग दोघांनी मिळून गाडीचं पंक्चर झालेलं चाक बदललं, कारण घरी तर दोघांनाही जायचं होतं. तिथे टाळ्या नाहीत, घोळका नाही. मावशी भिंतीपाशी उभ्या उभ्या फसकन हसली होती.

अशा सिनेमानंतर कचरा कमी निघतो, हा तिचा शोध. माणसं खायचं विसरतात. डबे अर्धे भरलेले, खुर्चीखाली सरळ उभे. त्यावरून ती काकांना निकाल सांगायची, "बघण्यासारखा आहे," आणि काका तो निकाल दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवायचे. पोस्टर बघून आलेली माणसं फसायची, मावशीच्या सुपलीवर भरवसा ठेवणारी कधी फसली नाहीत.

टाळ्यांशी तिचं वैर जुनं होतं. ती एकोणीस वर्षांची असताना एक जण तिच्या बससमोर आडवा उभा राहिला होता. हातात फुलं. खिडकीत बसलेल्या तिला त्याने रस्त्यातूनच ओरडून विचारलं. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागे गाड्या तुंबल्यात, तिला कामावर जायला उशीर होतोय, आणि बसमधली सगळी माणसं एका सुरात, "हो म्हण! हो म्हण!" ती हो म्हणाली. प्रेमाने नाही, बस सुटावी म्हणून. त्या माणसाला चारचौघांत बोलायला फार सुचायचं आणि घरात, दोघंच असताना, काही म्हणता काही सुचायचं नाही. अकरा वर्षं तो भिंतीकडे बघत जेवला. मग एका दुपारी बॅग उचलून गेला. तेव्हा मात्र बघायला एकही माणूस नव्हतं.

मागे राहिली लेक. आता सव्वीस वर्षांची. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दुसऱ्यांच्या हिरड्यांचे साचे घेऊन दिवसभर दात घासत बसायची आणि संध्याकाळी त्याच हातांनी आईचे पाय चेपायची. दुसऱ्या शहरात वर्षभराचं शिक्षण घ्यायची संधी तिच्याकडे चालून आली होती, आणि तिच्या आयुष्यात एक मुलगाही आला होता. हसरा, नीटनेटका, मोबाइल विकणाऱ्या दुकानातला.

"तो लवकरच विचारेल असं वाटतंय," एका संध्याकाळी लेक म्हणाली. "मला अजून कळत नाहीये गं. आवडतो, पण वर्षभर जाऊन यावं आणि मग ठरवावं असं वाटतं."

"मग तसं सांग त्याला."

"सांगेन माझं मी. तू त्याच्याबद्दल काही बोलायचं नाहीस हं, आई. तुला कुणाचंही प्रेम बघितलं की ओकारी येते. माझ्या बाबतीत गप्प बसशील?"

हे खरंच होतं, त्यामुळे मावशीला लागलं. गप्प बसेन, असं तिने कबूल केलं.

त्याच सुमारास मॅनेजरच्या डोक्यात 'खास क्षण' शिरला होता. हॉल तीनमध्ये सिनेमा संपला की दिवे लावायचे नाहीत, पडद्यावर जोडीचे फोटो दाखवायचे, मग मुलाने पुढे येऊन गुडघा टेकायचा, वरून कापडी पाकळ्या सोडायच्या आणि सगळ्याचा व्हिडिओ काढायचा. आतापर्यंत अकरा झाले होते. अकराच्या अकरा मुली हो म्हणाल्या होत्या. हो न म्हणून करतात काय? दीडशे माणसं तोंडाकडे बघत असतात. त्यातली एक नंतर बायकांच्या टॉयलेटमध्ये नळ सोडून रडत होती. मावशी बाहेर फडकं घेऊन ताटकळली होती आणि ती बाहेर आल्यावर तिने आत जाऊन नुसता नळ बंद केला होता. पाकळ्यांचं तर विचारूच नका. कोल्ड्रिंकमध्ये भिजून त्या फरशीला अशा चिकटायच्या की पत्र्याच्या तुकड्याने खरवडाव्या लागायच्या.

एका मंगळवारी तो हसरा मुलगा जिन्यापाशी आला.

"आई, एक गुपित सांगू?" तिला आई म्हणायचं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं. "शनिवारी चारच्या शोला मी तिला विचारणार आहे. इथेच, तुमच्या हॉलमध्ये. तुमच्यासमोर!"

मावशीने हातातला कप खाली ठेवला. "घरी येऊन विचार ना रे. दोघंच असताना."

"त्यात काय मजा, आई?"

"आणि तिला विचार करायला वेळ हवा असेल तर?"

"विचार कसला?" तो मनापासून हसला. "इतक्या लोकांसमोर कुणी नाही म्हणतं का?"

वाईट होता म्हणून तो असं बोलला नाही. त्याला ते खरंच छान वाटत होतं, आणि त्याचीच मावशीला जास्त शिसारी आली.

त्या रात्री तिने लेकीसमोर विषय काढायचा प्रयत्न केला. "त्या मुलाचं काय गं," एवढंच म्हणाली, तर लेकीने नुसता हात वर केला. "आई. ठरलंय ना आपलं?" मावशीने घास गिळला. शब्द दिला होता. शिवाय मनात एक भीती होती, की आपण लेकीचं भलं बघतोय की त्या बसचा सूड उगवतोय? 

शनिवारच्या गर्दीमुळे हॉल भरलेला होता. सिनेमा मात्र नेमका तिरपा. दहा मिनिटं उरली तेव्हा मावशी आत शिरली. पडद्यावर घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई होती. दुकानाच्या पायरीवर उभ्या माणसाने तिला विचारलं, तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, "उद्या सांगते," म्हणाली आणि शटर खाली ओढलं. संपला सिनेमा. मुलाने हा शो फक्त वेळ सोयीची म्हणून निवडला होता. पडद्याकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

पिवळे दिवे लागले नाहीत. संगीत सुरू झालं आणि पडद्यावर मावशीची लेक आली, दोन माणसं उंच. समुद्रावर, बागेत, वाढदिवसाला. मावशीला खुर्च्यांमधली खरी लेक सापडली. पाचवी रांग, कडेची खुर्ची. तिचा हात गळ्याशी गेला होता. शाळेत बाई फळ्यापाशी बोलवायच्या आणि उत्तर येत नसायचं, तेव्हाही तिचा हात असाच गळ्याशी जायचा.

मुलाने तिला हाताला धरून पुढे नेलं आणि गुडघा टेकला. वरून पाकळ्या सुटल्या. मोबाइल उंचावले. त्याने विचारलं.  एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि मग कुठल्याशा रांगेतून कुणीतरी सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं.

"हो म्हण! हो म्हण!"

मावशीला त्या बसचा हॉर्न ऐकू आला. तिने पेटीला किल्ली लावली आणि फिरवली.

सहाच्या सहा रांगा फक्कन पेटल्या. दीडशे माणसं डोळ्यांवर हात घेऊन बसली. कुणाच्या मांडीवर चुरा, कुणी चपला काढून पाय पुढच्या खुर्चीवर टाकलेले, कुणाच्या तोंडात बोट. आरडाओरडा जागच्या जागी विरला. मावशी झाडू घेऊन पहिल्या रांगेपासून निघाली.

"शो संपला. पुढच्या शोची वेळ झाली. चला, पाय उचला."

आपल्या पायाखालचा पसारा एकदा उजेडात दिसला की झाडूवालीशी वाद घालायला कुणाची जीभ उचलत नाही. माणसं खाली मान घालून उठली. मॅनेजर धावत आला. "मावशी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"वीस मिनिटं आहेत, साहेब," ती म्हणाली. "त्यातली दोन गेली."

तो भरपाईची भाषा करत बाहेर गेला. हॉलमध्ये तिघं उरली. लेकीचं तोंड रागाने लाल झालं होतं.

"गप्प बसणार होतीस ना तू? मी काय म्हणणार होते ते तुला काय माहीत? हो म्हणणार असते तर?"

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली.  "चुकलं असेल माझं. खरंच चुकलं असेल. पण आता इथे कुणी ओरडत नाहीये. तुला हो म्हणायचं असेल तर आता म्हण. मी बाहेर थांबते."

ती दारापर्यंत गेली. मागून लेकीचा आवाज आला, राग ओसरलेला, जरासा लाजराही.

"बरं. विचार आता."

मुलगा अजून गुडघ्यावरच होता. त्याने रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा पाहिल्या, वरच्या ट्यूबलाइट पाहिल्या.

"आता?" तो म्हणाला. "आता काय विचारू? लोक गेले की."

मावशी दारात थबकली, पण तिने मागे पाहिलं नाही.  मग पावलं आली. लेक तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि परत पडद्यापाशी गेली.

"पाय उचल," ती त्याला म्हणाली, आणि पाकळ्या झाडायला लागली.