मुन्शीबाईंची दुसरी स्क्रीन

मुन्शीबाई कॉम्प्युटर मागून बघायच्या. दुकानदार की-बोर्डसमोर खुर्ची सरकवतो आणि आपण मुकाट्याने तिच्यावर बसतो, अशी साधारण रीत आहे. बाईंनी ती खुर्ची हाताने बाजूला केली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि एका रिकाम्या खोक्यावर, स्क्रीनच्या पाठीकडे तोंड करून बसल्या.

"अहो बाई, तिकडं काय बघून राहिल्या? चित्र इकडं हाय," दुकानदार म्हणाला.

"चित्र मला रोजच दिसणार हाय. पक्षकाराला काय दिसतंय ते बघू द्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. नांदेडला वकिली करताना असे छताकडे पाहण्याचे प्रसंग बाईंनी माझ्यावर पुष्कळ आणले.

आमच्या भागात वकिलाच्या कारकुनाला अजूनही मुन्शी म्हणतात. निजामाचे राज्य गेले, शब्द राहिला. कोर्टाजवळच्या आमच्या गल्लीत सगळे मुन्शी पुरुष. त्यात ही एक उंच, खड्या आवाजाची बाई, म्हणून मुन्शीबाई. त्यांचे खरे नाव फक्त पगाराच्या पावतीवर असायचे. लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका बौद्ध कुटुंबातली ही मुलगी लग्न होऊन नांदेडला आली, कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसली आणि तिथून माझ्या ऑफिसात. बी.ए. झालेल्या होत्या आणि ते कुणाला विसरू देत नसत. एका नव्या वकिलाने "ए बाई, चहा सांग" म्हटले, तेव्हा म्हणाल्या, "चहा सांगते. तुमच्या अर्जात तीन ठिकाणी वादीला प्रतिवादी लिहिलंय, ते बी सांगू का?"

गेल्या हिवाळ्यात लातूरला, मुलाच्या घरी, बाई वारल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. तिथे एक तरुण वकील बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, पक्षकारासमोर स्वतंत्र स्क्रीन ठेवायची पद्धत आमच्या भागात साहेबांनी सुरू केली आणि बाईंनी ती निष्ठेने चालवली. साहेब म्हणजे मी. लोकांनी माना डोलावल्या. मी हात जोडून बसून राहिलो. बाईंचा मुलगाही काही बोलला नाही. त्याला खरे माहीत होते की नव्हते, हे मला कळले नाही. ते खरे मी आता लिहितो आहे.

आमचा जुना कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखालची एक पेटी होती. झाडूची धूळ खाऊन खाऊन तिचा घरघराट एवढा वाढला होता की पक्षकाराला ओरडून बोलावे लागे. नवरा मारतो, हे वाक्य बाहेरच्या बाकावरच्या चार लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुठली बाई सांगेल? शिवाय समोर बसलेल्या माणसाचा पाय त्या पेटीला लागे. पाय लागला की खेड्यातला माणूस दचके, पेटीला हात लावून नमस्कार करी आणि मग पाय आखडून बसून राही. वर्षानुवर्षे मी हे पाहिले आणि मला त्यात काहीच दिसले नाही. बाई मात्र प्रत्येकाला सांगायच्या, "पाय लांब करा बापू. तुमचं काम हाय, तुमची जागा हाय." पेटी तिथेच असायची, त्यामुळे कुणी पाय लांब करत नसे.

एका उन्हाळ्यात ती पेटी बंद पडली, आणि आम्ही त्या दुकानात गेलो. मला एक छोटे मशीन फार आवडले होते. कायद्याच्या जाड पुस्तकाएवढा डबा. तो स्क्रीनच्या पाठीवर स्क्रूने बसवता येत होता. टेबल मोकळे, जमीन मोकळी. दुकानदार म्हणाला, वीज कमी खातो, लाइट गेली तर बॅटरीवर जास्त वेळ चालेल. मी खिशात हात घातलासुद्धा.

"पंखा बंद करा," बाई म्हणाल्या.

"कुठला पंखा?"

"तुमचा. वरचा."

एप्रिलची दुपार. दुकानदाराने पंखा बंद केला आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइके आमच्याकडे बघू लागली. बाई स्क्रीनमागे गाल नेऊन बसल्या. कपाळावरून घाम ओघळत होता, पण हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आवाज न्हाई, हे बेस. पण गरम हवा सगळी मागं फेकतंय. म्हणजे पक्षकाराच्या तोंडावर. आधीच रडून आलेलं असतंय माणूस."

"मग लॅपटॉप घ्या," दुकानदार हिरमुसून म्हणाला.

"त्याचं झाकण उघडलं की भिंत झाली मधी."

शेवटी तोच डबा घेतला, पण स्क्रीनच्या पाठीवर नाही. बाईंनी तो प्रिंटरशेजारी उभा करायचा ठरवला, तोंड खिडकीकडे. मराठी टायपिंग त्यांच्या सवयीच्या की-बोर्डवर चालते का, पेनड्राइव्ह पुढून लागतो का, हे सगळे तपासले. मग डबा उलटा करून त्यांनी मागच्या भोकांवरून बोट फिरवले.

"ह्याला दोन स्क्रीन लागतात का?"

"लागतात की. शेअर बाजारवाले लावतात. तुम्हाला कशाला?"

"एक माझ्याकडं. एक तिकडं."

तिकडं म्हणजे पक्षकाराकडे. मी टाइप करते ते त्यांना त्याच वेळी दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मी हसलो. म्हणालो, "बाई, आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नाही."

"न येऊ द्या. आपण बोललो की काहीतरी उमटतंय, आणि आपण गप बसलो की थांबतंय, एवढं तर दिसतंय. आपण गप असताना बी ते चालूच राहिलं, तर ते कोण बोलून राहिलं हे विचारता येतं."

मला त्या वेळी हे वाक्य नुसते चमत्कारिक वाटले. दुसरी स्क्रीन घेतली ती केवळ वाद नको म्हणून. लहानशी, जुनी, दुकानदाराने कोपऱ्यातून काढून दिलेली.

पण पुढे जे घडू लागले ते मी रोज माझ्या केबिनच्या दारातून पाहत असे. माणसे टेबलावर हात ठेवून, पुढे वाकून बसू लागली. कंधारचा एक म्हातारा स्वतःचे नाव उमटताना पाहून उठून उभाच राहिला. एक बाई बोट दाखवून म्हणाली, "तिथं 'क्रोधाने' लिव्हलंय. त्यो रागात नव्हता वो. थंड डोक्यानं मारायचा." बाईंनी शब्द बदलला. मी एवढी वर्षे मारहाणीचे अर्ज लिहीत आलो, प्रत्येकात 'क्रोधाने' असायचे, आणि एकाही बाईने मला टोकले नव्हते. टोकणार कशी? सही करण्यापुरता कागद तिच्या पुढ्यात यायचा. लोक गल्लीतून बघायला येऊ लागले. "वकीलसाहेब, काय डोकं लावलं तुम्ही!" असे म्हणू लागले. मी एकदा म्हणालो, बाईंची कल्पना आहे. लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. पुढे मी तेवढेही म्हणणे सोडले.

आमच्याकडे हक्कसोडपत्रांचे काम फार. बाप वारला की भाऊ बहिणीला घेऊन येतात. वडिलांच्या शेतातला तिचा हिस्सा ती भावाच्या नावे सोडते, साडी घेते आणि परत जाते. मजकूर ठरलेला असतो. भाऊ बोलतात, वकील सांगतो, मुन्शी टाइप करतो, बहीण सही करते. बालाजीराव नावाचे माझे एक मोठे पक्षकार त्यांच्या थोरल्या बहिणीला, सुमनबाईंना, असेच घेऊन आले. सुमनबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. स्क्रीन समोर दिसताच त्या ओठ हलवत वाचू लागल्या. मी भराभर सांगत होतो. बाई नेहमीपेक्षा हळू टाइप करत होत्या.

"थांबा वो," सुमनबाई म्हणाल्या. "हे 'स्वखुशीने' म्हणजे?"

"तुमच्या मर्जीनं," बाई म्हणाल्या.

"हे मी कवा म्हणले?"

बालाजीराव हसून म्हणाले, "आक्का, ते तसंच लिहायचं असतंय. कर की सही, रजिस्ट्री गाठायची हाय."

"तू म्हणला, भावजय म्हणली. मला कुणी विचारलंच न्हाई, बाळू." आणि सुमनबाई पदर सावरून उठल्या, चालत बाहेर गेल्या. मुन्शीबाईंनी की-बोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होतो, पण त्या क्षणी त्या मला कुणीतरी फार मोठ्या वाटल्या. आणि म्हणूनच बहुधा मला त्यांचा इतका राग आला.

बालाजीरावांनी जाताना एवढेच सांगितले, "वकीलसाहेब, तुमचं ते दुसरं टीव्ही बंद करा. न्हाईतर गल्लीत वकील लई हायेत."

मी बाईंना स्क्रीन बंद करायला सांगितली. त्यांनी वाद घातला नाही. मागची वायर काढली, गुंडाळली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. काही दिवसांनी बालाजीराव पुन्हा बहिणीला घेऊन आले. सुमनबाईंचा चेहरा सुजलेला होता. सही केली नाहीस तर माहेर तुटले असे समज, असे घरी बोलणे झाले होते. ते त्यांनी स्वतःच, खाली बघत, बाईंना सांगितले. मी केबिनमधून ऐकले.

बाई माझ्याकडे आल्या. "साहेब, मला 'स्वखुशीने' टायपता येणार न्हाई."

"बाई, ती स्वतः चालत आली आहे. कोणी बांधून आणली नाही."

"मग तिच्यापुढची स्क्रीन लावा. वाचू द्या. वाचून केली तर माझं काही म्हणणं न्हाई."

मी म्हणालो, "हे ऑफिस माझं आहे."

"हाव," बाई म्हणाल्या. "ते खरं हाय." त्यांनी आपली पिशवी घेतली. दारात थांबून मोठ्याने, बालाजीरावांच्या देखत म्हणाल्या, "सुमनबाई, वाचल्याबिगर सही करू नका." आणि पायऱ्या उतरून गेल्या. मजकूर मी स्वतः टाइप केला. वाचूनही दाखवला, वकील वाचतात तसा, एका दमात. सुमनबाई बंद स्क्रीनकडे बघत ऐकत होत्या. मग त्यांनी सही केली. गल्लीत मी सांगितले की मुन्शीबाई मुलाकडे लातूरला राहायला गेल्या, गुडघे दुखतात म्हणून. सगळ्यांना ते पटले. बाई लातूरला गेल्या होत्या हे खरे, पण त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते.

त्यानंतर मी दुसरा मुन्शी ठेवला नाही. ठेवायला हवा होता, पण त्या खुर्चीवर कुणाला बसवावे हे सुचेना. एके दिवशी माहूरकडची एक बाई भावांबरोबर आली, हक्कसोडपत्रासाठीच. बसली, समोरच्या काळ्या काचेत स्वतःचे तोंड बघितले, पदर नीट केला आणि मला विचारले, "साहेब, हे बंदच ठिवायचं तर माझ्यापुढं कशाला ठिवलंय?"

भाऊ हसले. मी ड्रॉवर उघडला. वायर बाईंनी गुंडाळली होती तशीच होती. ती लावायला मला खाली वाकून बराच वेळ लागला, कारण असली कामे मी कधी केलीच नव्हती. त्या दिवशी त्या बाईने काय केले, ते तिचे आणि तिच्या भावांचे. मी एवढेच म्हणेन की तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

संध्याकाळी मी लातूरला फोन लावला. बाईंनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मग विचारले, "सुमनबाईंचं?"

"सही झाली. नोंदणीही त्याच दिवशी झाली."

"हाव," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, स्क्रीन आज चालू केली."

"टायपायला कोण हाय?"

"मीच."

"तुम्ही लई पटापट करता," मुन्शीबाई म्हणाल्या. "हळू करा जरा. वाचणाऱ्याला येळ लागतो."