गंगेत सोडलेला एक्स-रे

माझा दात दुखत नव्हता. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी एक्स-रे सुचवला, कारण मुळाखालचं हाड वरून दिसत नाही. त्यांनी माझ्या अंगावर शिशाचा जड एप्रन घातला, तोंडात छोटी फिल्म बसवली आणि स्वतः दाराबाहेर गेले.

"खतरा नहीं है, तो आप क्यों भागते हैं?" आईने विचारलं.

ते हसले. "माताजी, बिटिया को तो एक बार। मेरा रोज़ का काम है।"

फिल्म धुऊन आली. एका दाढेच्या मुळाशी तांदळाएवढा काळा डाग होता. जुना, निरुपद्रवी असेल किंवा आत पू धरत असेल. सहा महिन्यांनी दुसरी फिल्म शेजारी धरली की कळेल, वाढला तर दाढ जाईल, ते म्हणाले. फिल्म जपून ठेवायला दिली.

बाबा गंगेवरच्या पंचगंगा घाटावर अस्थिविसर्जनाचे विधी सांगायचे. यात्रेकरूंनी आणलेल्या गाठोड्यांत न जळलेले दात त्यांना नेहमी दिसत. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे मी मेलेल्यांचं बघतो. जिवंत मुलीचं घरात नको."

"अहो, फोटो आहे तो," आई म्हणाली.

"हाडाचाच ना?"

मला इंग्रजीत सगळं समजावता आलं असतं. मराठीत, बाबांसमोर, एक वाक्य जुळेना.

दुसऱ्या एक्स-रेची वेळ आली तेव्हा फिल्म कपाटात नव्हती. बाबांनी शांतपणे सांगितलं, घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुळशीचं पान ठेवून नावेतून गंगेत सोडली.

आईचा आवाज बारीक झाला. "मंत्र म्हटले?"

"सवयीने तोंडातून गेले."

"नाव घेतलं हिचं?"

"गोत्र घेतलं. नावापाशी थांबलो."

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी जिभेने ती दाढ चाचपून पाहिली. होती.

"पहली वाली कहाँ है?" डॉक्टरांनी विचारलं.

"खो गई," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा फिल्म काढली. एवढ्याशा किरणांनी काही होत नाही, म्हणाले. या वेळी ते दाराबाहेर गेले तेव्हा आईने काहीच विचारलं नाही. डाग तिथेच होता. "उतना ही लगता है, पर याद के भरोसे कैसे कहूँ?" आणखी सहा महिने थांबायचं ठरलं. ही फिल्म मी त्यांच्याकडेच ठेवायला सांगितली.

ते सहा महिने मी त्या बाजूने घास चावला नाही. रस्त्यात "राम नाम सत्य है" ऐकू आलं की आई माझा हात धरायची, मी विशीतली असूनही.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी नवी फिल्म काढली आणि त्यांच्याकडची जुनी तिच्या शेजारी दिव्यासमोर धरली. डाग तेवढाच होता. दाढ राहणार होती.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण त्यानंतरही घाटावरून आले की ते आधी मी कुठे आहे ते बघायचे, मला नीट न्याहाळायचे, आणि मगच हातपाय धुवायला जायचे.