कोटकाकू

कोणी युरोपला निघालं असं कळलं की कोटकाकू आधी त्याच्या पायांकडे पाहायच्या. अभिनंदन, कुठे, कधी, कोणाबरोबर हे सगळं नंतर. चहाचा कप हातात देतादेताच त्यांची नजर खाली जायची आणि समोरचा माणूस नकळत पाय सोफ्याखाली ओढून घ्यायचा. "हे नवे दिसतायत," असं त्या म्हणाल्या की समजायचं, बूट नापास झाले. "तिकडे गावागावात जुने दगडी रस्ते असतात, खालीवर. आजपासून रोज संध्याकाळी हे घालून चक्कर मार. चावायचे तेवढे इथेच चावू देत." मग त्या बिस्किटं आणायला उठायच्या.

प्लेनोतल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे. टेक्सासात राहणाऱ्या माणसाला कोट म्हणजे लग्नातला फेटा. हौसेने घेतला तरी पुढे त्याचं काय करायचं कळत नाही. काकूंकडे मात्र वरच्या गेस्ट रूमचं अख्खं क्लोजेट कोटांनी भरलेलं होतं. भारतातून येणाऱ्या सासूसासऱ्यांसाठी म्हणून त्यांनी पहिले दोन घेतले. मग शेजाऱ्यांच्या आईवडिलांना दिले, मग कोणी जाताना आपला ठेवून गेलं, असं करत ते क्लोजेट वाढलं. जाड कोट, आतून लोकर लावलेले, घडी केली की मुठीत मावणारे रेनकोट, सगळे धुऊन, खिशात लवंगा टाकून टांगलेले असत. युरोपातल्या नदीवरच्या क्रूझचं वेड आमच्याकडे शिरलं तेव्हा तर त्यांच्या दारात रांगच लागायची. काकूंना जाऊन आता काही महिने झाले. मी व्यवस्थित आहे. सगळे विचारतात म्हणून सांगते.

कोट नेण्यावर एकच अट होती. परत करताना खिसा रिकामा ठेवायचा नाही. काकू मूळच्या सांगलीच्या. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, चार दाणे साखर का होईना घालून द्यायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "वाटीला लागू तेच कोटाला लागू," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे कोटांच्या खिशांतून काहीही यायचं. ट्रामचं तिकीट, रस्त्यावर पडलेलं चेस्टनटचं फळ, कॉफीबरोबर मिळालेली साखरेची पुडी, नदीकाठचा दगड. महाग काही आणलेलं त्यांना आवडत नसे. एकीने क्रिस्टलचा हंस ठेवला होता, तर काकूंनी तो दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीच्या वाढदिवसाला देऊन टाकला. त्या स्वतःही कोट रिकामा देत नसत. आलेपाकाची एक वडी कागदात गुंडाळून खिशात असायचीच.

कोट दिला की भाषण सुरू व्हायचं. काका असताना दोघं एकदा ऱ्हाईनवर जाऊन आले होते, काका गेल्यावर काकू मैत्रिणींबरोबर आणखी एकदा गेल्या होत्या, आणि तेवढ्या अनुभवावर त्या आयुष्यभर बोलू शकत होत्या. "मिरवायचं असेल तर समुद्रावर जा. बघायचं असेल तर नदीवर. कपडे एकावर एक घाल, ऊन आलं की सोलत जा. चर्चमध्ये खांदे झाकायला एक ओढणी. संध्याकाळसाठी एक बरा टॉप, बास. खोली आपल्या पँट्रीएवढी असते, त्यात तुमच्या चार बॅगा मावणार नाहीत. व्हेज जेवण म्हणजे बटाटा, मशरूम आणि परत बटाटा. नदीला पाणी कमी असलं तर बोट थांबते आणि बसने नेतात, तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही."

दोन गोष्टी त्या आवाज खाली आणून सांगायच्या. पहिली म्हणजे धक्क्यावर जागा नसली की बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात. "सकाळी गाऊनवर पडदा उघडशील तर समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतला कोणी दात घासत उभा असेल. आमच्या काकांनी बनियनवर उघडला होता. पलीकडच्या बाईने स्वतःचा पडदा असा ओढला, की दांडीसकट खाली आला." दुसरी गोष्ट लॉकची. नदीवर धरण असेल तिथे बोट एका अरुंद हौदात शिरते. दार बंद करतात, पाणी भरतात आणि बोट वर येते. "तेव्हा खिडकीसमोर नुसती ओली भिंत येते. अंधार होतो. पहिल्यांदा मी घाबरले होते. घाबरायचं नाही. थांबायचं. पाणी भरलं की काठ परत दिसतो."

सगळे ऐकत असं नाही. अर्विंगला राहणाऱ्या अनिकेतचे आईबाबा नागपूरहून आले होते. लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने डॅन्यूबची क्रूझ भेट दिली होती. क्रूझ म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर झुंबरं, नाच आणि कॅप्टनशी हस्तांदोलन. त्यांनी खास थ्री पीस सूट शिवून आणला होता, वर बो टाय. काकू म्हणाल्या, "अहो, बोटीवर सगळे अमेरिकन आजीआजोबा. स्वेटर घालून जेवतात आणि झोपायला जातात." बाबा म्हणाले, "ते त्यांचं. आपल्या इज्जतीचा प्रश्न आहे नं." रेनकोट तेवढा नेला. परत आल्यावर त्यांनीच हसत हसत सांगितलं, की कॅप्टनच्या जेवणाला सूट घातलेले ते एकटेच होते, आणि दोन बायकांनी त्यांना मॅनेजर समजून जादा टॉवेल मागितले. "मग मी काय केलं, देऊन आलो बा टॉवेल." रेनकोटच्या खिशात त्यांनी तो बो टायच ठेवला होता. काकूंनी तो फ्रिजला लावला, शेवटपर्यंत तिथेच होता.

मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. माझा मुलगा लांब बेलव्ह्यूला नोकरीला गेल्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचे. मी आयटीतली, दिवसभर मीटिंगमध्ये बोलून दमलेली, आणि काकूंकडे बोलावं लागत नसे. त्या बोलत, मी भाजी चिरत असे. माझी आई मी लहान असतानाच गेली. हे मी काकूंना एकदाच सांगितलं होतं, आणि त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली होती. माझ्या नवऱ्याला पाणी आणि सुट्टी दोन्ही मानवत नाही, म्हणून आम्ही दोघींनीच शरद ऋतूतली डॅन्यूबची क्रूझ बुक केली. काकू म्हणाल्या, "इतक्या कोटांनी नदी पाहिली, आता मी परत जाते."

उन्हाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. कॅन्सर निघाला आणि तो पसरलेला होता. डॉक्टरांचं म्हणणं काकूंनीच मला फोनवर सांगितलं, दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि कामाला लागले. त्या दिवसापासून माझ्या आत काहीतरी बंद पडलं. रडू येत नव्हतं, भूक व्यवस्थित लागत होती, ड्राइव्ह करताना सिग्नल नीट दिसत होते. काकूंची मुलगी मीरा बॉस्टनहून येऊन राहिली. ती जिन्यात बसून रडायची आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवायचे. हात माझाच होता, पण त्यालाही काही वाटत नव्हतं.

मी बुकिंग कॅन्सल करते म्हटल्यावर मात्र काकू चिडल्या. "माझ्यासाठी इथे बसून काय करशील? भिंतीकडे बघत बसशील. तू जा आणि मला येऊन सांग. मी थांबते." त्या थांबतील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या मनात तेवढं एकच होतं, की परत येईपर्यंत त्या असाव्यात. त्यांनी पलंगावर पडल्यापडल्या माझी बॅग भरून घेतली. मी एकेक कपडा उचलून दाखवायचे, त्या मान हलवायच्या. काळा स्वेटर पाहून म्हणाल्या, "हा नको. अजून गेले नाहीये मी." शेवटी स्वतःचा करडा कोट क्लोजेटमधून आणायला लावला. त्यांनी तो कधी कोणाला दिला नव्हता.

बोटीबद्दल त्या म्हणाल्या होत्या ते सगळं अगदी तसंच निघालं, आणि मला कशाचंच काही वाटलं नाही. व्हिएन्ना सुंदर आहे. डोंगरउतारांवर द्राक्षांचे मळे होते, ते पिवळे पडले होते. बुकिंग दोघींचं असल्यामुळे रोज दोन उशांवर दोन चॉकलेटं ठेवलेली असत. मी दोन्ही तिथेच राहू देत असे. गावात उतरले की आज खिशात टाकायला काहीतरी उचलू, असं रोज ठरवायचे. चेस्टनटांचा सडा पडलेला असायचा. वाकून एखादं हातात घ्यायचे आणि परत टाकून द्यायचे. काकूंना शेवटचं द्यायचं ते हे असेल का, असं मनात यायचं, आणि काहीच त्यापुढे टिकायचं नाही. लॉक आलं तेव्हा मी केबिनमध्येच होते. भिंत आली, अंधार झाला, मी थांबले. काठ परत दिसला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होते, पण पाहत नव्हते.

शेवटच्या दिवशी सकाळी मी गाऊनवर कोट चढवला आणि विसरून पडदा उघडला. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, दुसऱ्या बोटीची खिडकी होती, आणि तिच्यात एक म्हातारी बाई माझ्यासारखीच पडदा धरून उभी होती. दोघीही हललो नाही. मग तिने हात वर केला. मीही केला.

काकू थांबल्या होत्या. मी विमानतळावरून सरळ तिकडे गेले. मीरा दारातच म्हणाली, "ताई, शी इज अवेक. जस्ट गो इन." काकू इतक्या लहान झाल्या होत्या, की पलंग रिकामाच वाटला. मी कोट त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी बराच वेळ घेऊन खिशात हात घातला आणि आलेपाकाची वडी बाहेर काढली. "ही तर माझीच."

"हो काकू. काही आणलं नाही. सापडलंच नाही काही."

"थंडी नाही वाजली?"

"नाही. कोट उबदार आहे."

"मग सांग तरी."

मला व्हिएन्ना आठवेना. मी खिडकीतल्या बाईचं सांगितलं. काकूंनी डोळे उघडले. "काय घातलं होतं तिने?"

"गाऊन. फुलाफुलांचा."

"आणि तू?"

"गाऊन. वर तुमचा कोट."

काकू हसल्या. आवाज येत नव्हता, पण खांदे हलत होते, हसता हसता त्यांना खोकला आला आणि मीरा धावत आली. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "इतकं सांगून." मग वडी माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं मिटवली. "पुढच्याला दे."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. देवळाच्या हॉलमध्ये इतकी माणसं आली, की खुर्च्या कमी पडल्या. अनिकेतच्या बाबांनी नागपूरहून व्हिडिओ कॉल केला आणि लहान मुलासारखे रडले. मी सगळ्यांना पाणी दिलं. मीरा घर विकून बॉस्टनला परत गेली. कोट डोनेट करणार होती, ते मी गाडीत भरून माझ्याकडे आणले. आता माझ्या गेस्ट रूमला लवंगांचा वास येतो. माझी त्यांच्यावर माया होती, अजून आहे, पण मला त्या मायेपर्यंत पोचता येत नाही. लोक म्हणतात, एकदा मोकळी हो. मी शुक्रवारी भाजी चिरते आणि नवऱ्याला वाढते.

परवा अर्विंगहून एक तरुण जोडपं आलं. कोणाकडून तरी त्यांनी कोटांचं ऐकलं होतं. मुलीच्या पायात पांढरेशुभ्र नवे बूट होते. मी आधी तेच पाहिलं, मग त्यांना आत घेतलं. तिला करडा कोट बरोबर बसला. खिशात हात घालून ती म्हणाली, "काकू, धिस इज युअर्स? काहीतरी राहिलंय."

"आलेपाक आहे. थंडी वाजली तर खा. परत देताना खिसा रिकामा ठेवू नकोस."

"ओके. आणि बोटीवर काय एक्स्पेक्ट करायचं?"

मी सगळं सांगितलं. बटाटा, ओढणी, बस, पडदा. मग लॉकचं. भिंत येते, अंधार होतो, घाबरायचं नाही, थांबायचं, काठ परत दिसतो.

"किती वेळ लागतो, काकू?" तिने विचारलं.

"बोटीला अर्धा तास," मी म्हटलं.