अंतरपाटवाल्या काकू

गावकर काकू कोणालाही भेटल्या की आधी त्याचा फोन मागायच्या. बारसं असो, बँकेत पासबुक भरायची रांग असो, दवाखान्याचं बाकडं असो, शेजारच्या अनोळखी माणसापुढे हात करून म्हणायच्या, "जरा तुमचा फोन द्या बघू. एक शब्द शोधायचाय." माणूस गोंधळून फोन द्यायचा. काकू त्यात 'अंतरपाट' असं टाइप करायच्या, आलेल्या यादीवरून नजर फिरवायच्या, आपलं दुकान कितवं आहे ते बघायच्या आणि फोन परत करायच्या. दुकानाच्या नावावर मात्र कधी बोट ठेवायच्या नाहीत. "नुसतं बाहेरून बघायचं. आपल्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन कशाला शिरायचं?"

स्वतःच्या फोनवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. "माझा फोन मला खूश ठेवतो. त्यात मी कायम पहिली. खरं काय ते परक्याच्या फोनात कळतं," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, आणि ते खरंही होतं.

मी तेव्हा गोरेगावच्या एका लहानशा कंपनीत काम करायचे. इंटरनेटवरची दुकानं सर्चमध्ये वर आणायची, हे आमचं काम. मोठी गिऱ्हाइकं माझ्या सीनियर लोकांकडे होती, काकू माझ्या वाट्याला आल्या. बोरिवली पूर्वेला त्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत कपाटभर कापड, खिडकीशी कॉम्प्युटर, एवढंच दुकान. वधूवरांची नावं भरतकामात घातलेले अंतरपाट त्या देशभर आणि देशाबाहेरही पाठवायच्या. भरतकाम मात्र त्यांचं नव्हतं. ते वाकोल्याच्या शोभाताई करायच्या. शोभाताई मराठवाड्यातून लग्न होऊन वाकोल्यात आलेल्या, बौद्ध. "आमच्यात अंतरपाट नसतोच," त्या सुई ओवता ओवता सांगायच्या, "पण टाका बघा, कुठे सैल दिसतोय का." कुठेच दिसायचा नाही.

काकूंची खरी मालमत्ता म्हणजे दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन. इंग्रजी अक्षरांत नुसतं 'अंतरपाट', मागेपुढे काही जोडलेलं नाही. अशी एका शब्दाची नावं आता सहज मिळत नाहीत, मिळालीच तर फार महाग पडतात. काकूंनी ते फार लवकर, कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं तेव्हा घेऊन ठेवलं होतं. त्याला कारण त्यांची नोकरी. त्या टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होत्या. लोक फोन करून नाव सांगायचे आणि काकू नंबर द्यायच्या. "माणसाला दुकानाचं पूर्ण नाव कधी आठवत नाही गं. 'ते चष्मेवाले द्या', 'ती बेकरी द्या', असंच म्हणतात. मग ज्याचं नावच बेकरी, त्याचं भलं," त्या म्हणायच्या. खात्यातून लवकर निवृत्ती घेतल्यावर त्यांनी धंदा सुरू केला तो आधी नाव घेऊन. कापड नंतर घेतलं.

बरीच वर्षं त्यांचं म्हणणं खरं ठरलं. लोक जो शब्द शोधतात तोच दुकानाच्या नावात असला की सर्चमध्ये दुकान वर यायचं. मग सर्चवाल्यांनी आपलं गणित बदललं. नावाचं वजन कमी झालं आणि पानावर काय आहे, त्याला महत्त्व आलं. मी काकूंना हे पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि आपल्या मालवणी ढंगात म्हणायच्या, "होय मगे, पण आपण पहिले आहोत ना अजून?"

एका वर्षी तुळशीच्या लग्नानंतर, ऐन हंगामात, आम्ही पहिले राहिलो नाही. गणितात आणखी एक बदल झाला आणि काकूंचं दुकान सर्चच्या तिसऱ्या पानावर गेलं. मी घरी जाऊन त्यांना पुष्कळ शब्दांत समजावलं. काकूंनी मला मध्येच थांबवलं. "वाट लागली म्हण की सरळ."

ऑर्डरी थांबल्या. शोभाताई एक दिवस रिकाम्या हाताने परत गेल्या, मग दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. वाकोल्यात त्यांनी शाळेच्या गणवेशांना बटणं लावायचं काम धरलं, असं कळलं. "तो हात काय बटणं लावायचा आहे?" काकू म्हणाल्या.

त्याच सुमारास लग्नाचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस बोरिवलीला आला. चांगला, नम्र मुलगा होता. चहा घेता घेता म्हणाला, "काकू, नाव आम्हाला द्या. तुम्ही दुसऱ्या नावाने दुकान चालू ठेवा."

"आणि मला शोधत येणारी माणसं?"

"ती आमच्याकडे येतील. बिझनेस आहे काकू."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "माझापण बिझनेसच आहे." आणि त्यांनी त्याच्या बशीत आणखी दोन खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या. तो वड्या खाऊन गेला.

मग काकूंनी माझं ऐकायचं ठरवलं. पानावर काय आहे याला महत्त्व असेल, तर पानावर काहीतरी हवं. त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. चौकशीच्या टेबलावरचा तो आवाज अजून शाबूत होता, स्पष्ट आणि घाई नसलेला. "मी अंतरपाटवाली बोलतेय. संसार कसा चाललाय?" लोक बोलायचे. कोणाचा अंतरपाट आता देवघरात होता, कोणी त्याचं बाळाचं दुपटं केलं होतं. काकू ऐकून लिहायच्या आणि मी प्रत्येक जोडप्याचं वेगळं पान करायचे. दोघांची नावं, फोटो, त्यांची गोष्ट. पानाच्या पत्त्यातही ती दोन नावं. लोकांना ही पानं आवडली, लग्नाबद्दल लिहिणाऱ्या इतर साइटनी त्यांच्या लिंक दिल्या. आम्ही सर्चच्या दुसऱ्या पानावर आलो, मग पहिल्या. शोभाताई परत आल्या. आणि पुढच्या हंगामाआधी काकूंनी बँकेत एका माणसाचा फोन घेतला, बघितलं आणि तिथूनच मला कळवलं, "झकास. पहिली."

सगळ्यात जास्त लोक एकाच पानावरून यायचे. ते पुण्याच्या एका जोडप्याचं पान होतं. मोरपंखी कापडावर सोनेरी अक्षरं, फोटो फारच सुंदर. त्या मुलीचं नाव मी इथेही लिहीत नाही.

तिचा फोन आला तेव्हा मी आणि शोभाताई काकूंकडेच होतो. काकूंनी नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर ठेवला होता. "काकू, आम्ही वेगळे झालो," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. पण कोणीही माझं नाव शोधलं की आधी तुमचं पान येतं. आता नवीन ऑफिसात जॉइन झाले. दुसऱ्याच दिवशी एकीने येऊन विचारलं, अय्या, तुझं लग्न झालंय? माझ्या नावावर ते पहिलंच येतं हो."

काकूंनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. पुढचं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "ते पान काढ."

मी त्यांना सांगितलं की पान एकदम काढलं तर सगळं दुकान खाली जाईल, हंगाम तोंडावर आहे. त्यापेक्षा नाव आणि फोटो काढू, पत्ता बदलू आणि जुन्या पत्त्यावर येणारी माणसं आपल्या मुख्य पानाकडे वळवू. आमच्या धंद्यात हे रोजचं काम आहे.

"म्हणजे कोणी तिचं नाव शोधत आलं, तर त्याला आपल्या दुकानात आणायचं?"

"तसंच म्हटलं तर, हो."

"नको. काढ," काकू म्हणाल्या. मग शोभाताईंकडे वळून त्यांना विचारलं, "परत खाली जाऊ आपण. चालेल?"

शोभाताईंनी दोरा तोडला. "त्या पोरीची आई असते तर मीही हेच सांगितलं असतं. काढा."

पान काढलं तरी सर्चमधून ते लगेच जात नाही, काही काळ त्याची खूण राहते. त्या काळात काकू लोकांचे फोन मागून 'अंतरपाट' शोधायच्या नाहीत, त्या मुलीचं नाव शोधायच्या. मी सर्चवाल्यांना सगळं रीतसर कळवलं होतं, तरी त्यांना चैन नव्हतं. एक दिवस कुठल्याशा रिक्षावाल्याच्या फोनात ते पान आलं नाही, दुसऱ्याच्याही आलं नाही. मग त्यांनी तिला फोन केला. "गेलं बघ. आता तू तुझ्या कामाला लाग."

दुकान खाली गेलंच. काकूंनी उरलेल्या सगळ्या जोडप्यांना पुन्हा फोन करून विचारलं, "तुमचं नाव राहू दे का?" काहींनी नको म्हटलं, तीही पानं गेली. नंतर आम्ही नावांशिवाय, नुसत्या कापडाच्या आणि टाक्यांच्या गोष्टी लिहिल्या. त्याने दुकान हळूहळू पहिल्या पानावर आलं, पण पहिल्या नंबरावर पुन्हा कधी आलं नाही. काकूंनी ते मान्य केलं. मीही तेव्हापासून कोणाचं नाव पानावर घालण्याआधी त्या माणसाला स्वतः फोन करते. ऑफिसात याला वेळखाऊपणा म्हणतात.

पुढे काकूंचे गुडघे गेले आणि त्यांनी नाशिकला मुलाकडे जायचं ठरवलं. त्या मोठ्या कंपनीचा फोन पुन्हा आला होता. काकूंनी मला बोलावलं आणि डोमेनच्या मालकाच्या जागी शोभाताईंचं नाव घालायला सांगितलं. शोभाताई घाबरल्या. "मी घेऊन काय करू? आमच्यात तर..."

"ठाऊक आहे. पण लोक जे शोधत येतात ते तुझ्या हातातलं आहे. माझ्याकडे नुसती पाटी होती."

जाण्याआधी त्या शोभाताईंच्या मुलीच्या लग्नाला वाकोल्याला आल्या. हॉल लहान होता, वंदना चालू होती, पंखे मोठ्याने फिरत होते. काकू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या. मुलीला द्यायला त्यांनी पांढरी साडी आणली होती आणि पदरावर निळ्या दोऱ्याने तिचं नाव भरलं होतं, स्वतःच्या हाताने. इतक्या वर्षांत त्यांचं भरतकाम आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. अक्षरं वरखाली झालेली, टाके मोकळे. शोभाताईंनी पदर हातात घेऊन बराच वेळ बघितला. "टाका सैल आहे काकू," त्या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "माहितीये गं." मुलीने नेसलेली साडी बदलली आणि तीच नेसून बाहेर आली.

काकू नाशिकला गेल्या आणि त्याच हिवाळ्यात वारल्या. आम्हाला त्यांच्या मुलाने कळवलं. शोभाताईंकडे गेले तेव्हा त्यांची मुलगी माहेरी आली होती आणि ती साडी घडी घालत होती. पदरावरचं एक अक्षर सुटत चाललं होतं. "आई, हे उसवून तू परत भरतेस का?" तिने विचारलं.

शोभाताईंनी सुटलेल्या दोऱ्याला मागून एक गाठ मारली. "नको," त्या म्हणाल्या. "त्यांचं अक्षर आहे ते."