ग्लासाखालची फुलं

"पोटात पाणी झालंय आणि डाव्या अंडाशयात गाठ आहे. गाठ साधी वाटत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी सून वैशाली समोर बसली होती. तिनं एकच विचारलं, "म्हणजे कॅन्सर?" बाईंनी होकारार्थी मान हलवली. मी शेजारी बसून पिशवीचा बंद आवळत होते. माझं तोंड एरवी बंद नसतं, हे आमच्या सिडको वसाहतीत कोणालाही विचारा.

गणपती नुकतेच गेले होते. त्याआधी महिनाभर तिचं पोट फुगत होतं. दोन घास खाल्ले की गच्च व्हायचं. मी ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, त्यामुळे जिन्यात एका बाईनं डोळे मिचकावून विचारलं, "काय गं, गोड बातमी?" वैशाली नुसती हसली. घरी येऊन मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडली. म्हणून आधी सांगते बायांनो, पोट सतत फुगत असेल, भूक लवकर भागत असेल, तर घरच्या औषधांवर राहू नका. सोनोग्राफी करून घ्या.

मग तपासण्या सुरू झाल्या. सीटी स्कॅन, म्हणजे आतला पदरन् पदर दाखवणारी तपासणी. सीए-१२५, म्हणजे या आजारात बहुधा वाढणारा रक्तातला एक घटक. बायोप्सी, म्हणजे गाठीचा कण काढून तपासणं. प्रत्येक रिपोर्टसाठी थांबायचं. वेटिंग रूममध्ये सगळे टीव्हीकडे बघत बसलेले, आणि बातम्या कसल्या चालल्यात हे एकालाही सांगता येणार नाही.

आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असं ठरलं. माझा मुलगा नीलेश अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचा, म्हणून तिच्याबरोबर मीच असायचे.

पहिल्या केमोला तिनं पिशवीत क्रोशाची सुई आणि सुती दोऱ्याचे गुंडे घातले. ग्लासाखाली ठेवायची फुलं विणायची होती तिला. मधे पिवळा गोल, भोवती गुलाबी नाहीतर जांभळ्या पाकळ्या. मी म्हटलं, "चहाच्या कपाला आता गादी लागते का?" ती म्हणाली, "आई, संक्रांतीला वाण म्हणून देणार. येईल तिला दोन-दोन." हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटायचा तिला भारी कंटाळा. मी मनात हिशेब केला, संक्रांतीपर्यंत ही... आणि पुढचा विचार तिथंच दाबला. तिनंही तोच हिशेब केला असणार. वाण पुरं करायचं आणि स्वतःच्या हातानं द्यायचं, एवढ्यावरच ती तग धरून होती.

सलाईन लावलेल्या डाव्या हातात नुसता दोरा धरून ती उजव्या हातानं विणायची. केस गेले, तोंड आलं, वरणभातसुद्धा तिखट लागायला लागला, पण सुई सुटली नाही. नर्स मुली यायच्या, फूल उलटंपालटं करून बघायच्या. घरी येणारे-जाणारे मात्र टोकायचे, "अगं, आराम कर, कशाला बोटं झिजवतेस?" त्यात मीही होतेच.

दिवाळीनंतर एका दुपारी मी तिला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. मी स्वतः पेला पदरानं धरून आणला होता. तिनं तो सरळ हातात घेतला आणि बोलत बसली. मी ओरडले, "अगं, पोळेल!" ती म्हणाली, "गरम आहे का?" तळवा लालभडक झाला होता. मी तिचा हात नळाखाली धरला.

मग हळूहळू बाहेर आलं. कितीतरी दिवस बोटांना मुंग्या येत होत्या, आता टोकं बधिर झाली होती. ब्लाउजची हुकं नीलेश लावून देत होता. "डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "सगळेच म्हणतात ना, विणून विणून बोटं झिजतात म्हणून. त्यांनी सुई बंद करायला सांगितली असती तर वाण कसं पुरं झालं असतं?" माझा संताप झाला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी बोटांना कापूस लावून बघितला, मग टोचून बघितलं. "याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. केमोच्या औषधानं हातापायांच्या टोकाच्या नसा दुखावतात. सुईचा यात काही संबंध नाही. खुशाल विणा, उलट बोटं हलती राहतील. पण हे मला पहिल्या मुंगीलाच कळायला हवं होतं. मी डोस बदलला असता." वैशाली खाली मान घालून ऐकत होती. "बोटांचं कळणं परत येईल का?" तिनं विचारलं. "थोडं येईल, सावकाश. सगळं येईलच असं नाही."

डोस बदलला, ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा सुई धरायची डोळ्यांनी बघून. दोरा सुईवर आला की नाही हे बोटांना कळायचं नाही. मग मी शिकले. साखळी म्हणजे काय, खांब म्हणजे काय, या वयात! तिनं सांगायचं, मी टाका घालायचा. माझ्या पाकळ्या बघून म्हणाली, "आई, हे फूल आहे की कांदाभजी?" ऑपरेशनचे टाके दुखत असतानाही पोट धरून हसली. पण एकही भजं तिनं मला उसवू दिलं नाही.

संक्रांत आली. रथसप्तमीच्या आत एक दिवस ठरवून तिनं बायका बोलावल्या. डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघरात तिळगूळ भरत होते. नीलेशचे वडील गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी मी बाहेर येत नाही. कोणी हाकलत नाही, आपणच समजून आत राहायचं, अशी आमच्यात रीत.

"आई, बाहेर या," तिनं हाक मारली. मी दारातून दटावलं, "खुळी आहेस का? बायका बसल्यात."

"निम्मी फुलं तुमच्या हातची आहेत. वाण विणणारीनं आत बसायचं होय? पहिलं तुम्हाला."

ती उठायला लागली, तेव्हा मला जावंच लागलं. तिनं चिमूट उचलली. किती आली ते तिला कळलंच नाही. कुंकू माझ्या नाकावर सांडलं, पांढऱ्या पातळावर सांडलं. तिचं बोट कपाळावर चाचपडत राहिलं. "लागलं का नीट? मला कळत नाही हो आई." मी म्हटलं, "लागलं गं." मग तिनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाण दिलं, येईल तिला दोन-दोन.

होळीनंतर सीए-१२५ पुन्हा वाढलं. स्कॅनमध्ये यकृतावर डाग निघाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता बरं करणं आपल्या हातात नाही. दुखू न देणं आहे." याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. उपचार सोडून देणं नव्हे, माणसाचे राहिलेले दिवस सुसह्य करणं. त्या बाईंनी आणि घरी येणाऱ्या नर्सनं आपला शब्द पाळला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी वैशाली घरीच गेली, नीलेशच्या आणि माझ्या मधे.

तुमच्या घरी हे आलं असेल तर एवढं ऐका. बधिरपणा, मुंग्या, जळजळ, काहीही लहान समजू नका. आणि पेशंटला धाक वाटेल असं बोलू नका, नाहीतर तो लपवायला लागतो.

यंदा शेजारच्या बाईंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. पूर्वी गेले नसते. आता गेले, चार जणींत बसले, कपाळ पुढं केलं. त्यांनी बेताची चिमूट घेतली, बरोबर मधोमध टिकली उमटवली आणि लागलं का नीट, असं काही न विचारता पुढच्या बाईकडे वळल्या. तेव्हा मात्र मला हुंदका आवरला नाही.