वायर उपटण्याचा प्रयोग

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पुढील निवेदन अतिमहत्त्वाचे असून — निदान कसबा बावडा ते मुरगूड या पट्ट्यात तरी — ते वाचताना कोणी जेवत असल्यास हातातला घास आधी संपवावा. निवेदन एका लग्नाच्या जेवणाविषयी आहे. म्हणजे, वेळेवर न झालेल्या जेवणाविषयी. म्हणजे — जाऊ द्या, माझ्याविषयीच आहे.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे ती माहेरी जाऊन सांगते. चार माणसं जमली की मी किती बोलतो ते मंगळवार पेठेत कुणालाही विचारा. मग एवढी एकच गोष्ट सांगायची कशी राहिली? राहिली नाही हो. ठेवली.

मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. कसबा बावड्यात एक मंगल कार्यालय आहे, त्याचे मालक बापू एकदा माझ्याकडं आले. कार्यालय त्यांचं, पण तिथला स्वयंपाक मुरगूडच्या हौसाक्कांचा. या बाईंच्या मसालेभातासाठी लोक मुहूर्त पुढं ढकलत. एवढी लग्नं, एवढे मेनू, कुणाला आमटी तिखट हवी, कुणाच्या सासऱ्याला वांगं चालत नाही — सगळं त्यांच्या डोक्यात. त्या डोक्याचा त्यांना मोठा अभिमान, आणि तो त्या लपवतही नसत. फक्त बापूंचे आणि त्यांचे फोन चुकायचे. कार्यालय एका तारखेला, हौसाक्का दुसऱ्या. बापूंना हवं होतं ते असं — एक संगणक बावड्यात, एक मुरगूडला, आणि बुकिंग दोन्हीकडं एकदमच.

आता यातली गोम ऐका, म्हणजे माझं पाप नीट कळेल. यंत्र आधी दोन्हीकडं विचारतं — तारीख मोकळी आहे का? दोन्हीकडून होकार आला की तारीख अडवून ठेवली जाते आणि मग दोन्हीकडं सांगितलं जातं — पक्कं. दोन्हीकडं पक्कं, नाहीतर दोन्हीकडं काहीच नाही. एका बाजूनं होकार दिला आणि दुसरी बाजू गप्प बसली, तर सुपारी फुटते का? तसंच हे.

पण मुरगूडच्या यंत्रानं होकार दिला, आणि ‘पक्कं’ ऐकायच्या आत तिथली वीज गेली — तर? मग जागं झाल्यावर त्यानं स्वतःहून विचारायला हवं: मी हो म्हणालो होतो, पुढं काय ठरलं? त्यासाठी होकार देण्याआधी तो जपून नोंदवून ठेवायला हवा. अवघड भाग तेवढाच. बाकीचं कुणीही लिहील. मी बाकीचं लिहिलं होतं.

आणि बापूंनी नेमकं तेच विचारलं. “सर, मधीच लाईट गेली तर वो?”

आठवडाभर थांबा, एवढं म्हणता आलं नसतं का मला? आलं असतं. पण समोर प्रेक्षक दिसला की माझ्या अंगात येतं. मी म्हणालो, “सोमवारी माणसं जमवा. तुमच्यासमोर लाईट घालवून दाखवतो.”

सोमवारी कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या. बापूंचे भाऊबंद, मंडपवाला, पहिल्या रांगेत पदर खोचून हौसाक्का. टेबलावर दोन्ही यंत्रं, मुरगूडला जायचंही तेवढ्यापुरतं इथंच. मी बुकिंग टाकलं, पडद्यावर ‘काम चालू आहे’ अशी अक्षरं फिरू लागली. मी बाह्या सारल्या, मंडळींकडं एक नजर टाकली आणि मुरगूडच्या यंत्राची वायर — उपटली. पडदा काळा. मंडपवाला खुर्चीतून अर्धा उठला. मी सावकाश वायर जोडली, यंत्र जागं झालं, आणि हिरव्या अक्षरांत आलं — पक्कं. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! हौसाक्कांनी तर यंत्रावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

सांगू आता? — काम आधीच झालेलं होतं. मी वायरला हात लावण्यापूर्वीच ‘पक्कं’ पोचून जपून ठेवलं गेलं होतं. ‘काम चालू आहे’ ही अक्षरं मी मुद्दाम फिरत ठेवली होती, नुसती शोभेला. जे बुडूच शकत नव्हतं, ते मी सर्वांसमक्ष बुडता बुडता वाचवलं.

खरा भाग पुढच्या आठवड्यात लिहीन म्हणालो. मग दिवाळी आली. मग दुसरं काम आलं. आणि यंत्र तर झकास चाललं होतं. बापूंनी आणि हौसाक्कांनी एकमेकांना फोन करणंही सोडलं, मेनूसुद्धा यंत्रावरूनच जाऊ लागला. मी तर प्रयोगाची गोष्ट रंगवून रंगवून सांगत फिरायचो. प्रत्येक वेळी ती वायर थोडी जाड व्हायची.

आणि मग ते लग्न. वधूपिता माझ्याच गल्लीतले, म्हणून मी फेटा बांधून हजर. अक्षता पडल्या. मंडळी पंगतीकडं सरकली आणि बघतात तर — चुली थंड. हौसाक्कांचा पत्ता नाही. बापूंनी फोन केला तेव्हा त्या घरी शेंगा फोडत बसल्या होत्या.

ही बाई टेम्पोत भांडी घालून मुरगूडहून आली. पण चूल पेटवायच्या आधी बापूंसमोर उभी राहिली. “माझ्याकडं ही तारीख आलीच न्हाय, बापू. आली असती तर मी घरात बसली असती व्हय?”

बापूंनी त्यांना हाताला धरून संगणकापुढं नेलं. मागं आम्ही सगळे. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं — कार्यालय पक्कं, स्वयंपाक पक्कं.

“हे बघ. ह्याची वायर उपटली तरी ह्ये इसरलं न्हाय, तुझ्याच डोळ्यांदेखत. तू इसरलीस म्हण की आक्का, एवढंच.”

वधूपिता चिडलेले, वऱ्हाड भुकेलेलं. जो तो हौसाक्कांना बोलू लागला. वय झालं म्हणाले. डोकं चालंना म्हणाले. मला बघताक्षणीच उमगलं होतं. मुरगूडची वीज मधेच गेली असणार, यंत्र जागं झालं असणार, आणि आपण होकार दिला होता हे त्याच्या गावीही नसणार. इकडच्या यंत्रानं मात्र ‘पक्कं’ धाडलं म्हणजे पोचलं असं धरून दोन्ही रकाने रंगवले. बाई खरं बोलत होत्या. यंत्र खोटं बोलत होतं, आणि त्याच्या शब्दाला बाईच्या शब्दाहून जास्त वजन कुणी दिलं होतं? टाळ्या कुणी घेतल्या होत्या?

एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी आहे. चार शब्दसुद्धा नाहीत. बडबडीबद्दल प्रसिद्ध असलेला हा माणूस फेट्याचा शेमला पुढं घेऊन त्याच्याशी खेळत बसला.

हौसाक्कांनी दुपार कलता कलता आमटी-भात रांधला आणि सगळ्यांना पोटभर वाढला. मीही जेवलो. आमटी उत्तम होती — हेही कबूलच करायला हवं.

पुढच्या रविवारी मी राहिलेला भाग लिहून टाकला. बापूंना सांगितलं, नवीन सुधारणा केली आहे. त्यांनी शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला, आणि मी भाषणही केलं. हौसाक्कांचं त्या कार्यालयातलं काम मात्र त्याच आठवड्यात सुटलं. मुरगुडात बोभाटा झाला की बाई विसरायला लागल्या. त्यांच्या सुनेकडूनच मी ऐकलं — त्या मीठ घातल्यावर विचारायच्या, “मी घातलं न्हवं गं?” ज्या डोक्याचा एवढा अभिमान, त्याच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. ते डोकं ठणठणीत होतं. हे जगात फक्त मला माहीत होतं.

परवा मुरगुडात एका बारशाला गेलो. पंगतीत बसलो आणि समोरून पळी घेऊन कोण आलं? त्याच. केस पांढरे झालेले, आवाज तसाच. मी मान खाली घालून पत्रावळीतली चटणी निरखू लागलो. हौसाक्का माझ्यापुढं थांबल्या. मला वाटलं, आली वेळ. त्यांनी वळून सुनेला हाक मारली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“ह्यास्नी आणिक भात वाढ गं. त्या दिशी समदी माझ्या अंगावर आली हुती, ह्यो एकला देवमाणूस कायबी बोलला न्हाय.”